चमचा मागाल तरच मिळेल

आमचं सांगलीत विश्रामबागेत नाष्टा सेंटर आहे. सकाळी मिसळ, वडा, पोहे, उप्पीट, दुपारी पोळीभाजी आणि खिचडी, संध्याकाळी परत वडा आणि भजी. बसून खाणारे कमी, पार्सलवालेच जास्त, कारण जागाच एवढीशी आहे की चार टेबलं टाकली की गिऱ्हाईकाला उभं राहायला फूटपाथवर जावं लागतंय. तर गेल्या वर्षी आम्ही असं ठरवलं की पार्सलबरोबर जे आपोआप जातं ना, चमचा, केचपच्या पुड्या, टिश्यू, लोणच्याची पुडी, जादाची वाटी, ते आता आपोआप द्यायचं नाही. गिऱ्हाईकानं मागितलं तर द्यायचं, नाही मागितलं तर नाही. ऐकायला किती सोपं वाटतंय बघा. करताना काय काय झालं ते लिहितोय, कारण आता ओळखीचे हॉटेलवाले भेटले की हमखास विचारतात, "तू चमचा देत नाहीस म्हणं, गिऱ्हाईक तुटत नाही व्हय?"

आधी थोडं मागचं सांगतो. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली ते सगळ्यांना आठवत असेल. २३ मार्चला अधिसूचना निघाली, माल संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू. पहिल्यांदा सापडला तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. आमच्यासारख्याला ५,००० म्हणजे काय ते सांगायला नको. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे चमचे, वाट्या, ग्लास, सगळं त्यात होतं. त्याआधी मिसळीचा कट म्हणजे पातळ पिशवीत ओतायचा, वर गाठ मारायची किंवा रबर लावायचं आणि द्यायचं हातात, गरम पिशवी हँडलला लटकवून लोक घरी जायचे, वाटेत फुटली तर परत यायचे. ते बंद झालं. म्हणजे बरेच दिवस बंद झालं, मग हळूच कुठं कुठं परत दिसायला लागलं, मग पथक फिरलं की परत गायब. पथक आलंय असं वरच्या चौकातून फोनवर कळायचं आणि अख्ख्या लाईनीतली खोकी पाच मिनिटात आत. हे सगळीकडं असंच होतं, उगाच सोवळं दाखवण्यात अर्थ नाही.

मग केंद्राचा नियम आला. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, प्लेटा, कप, ग्लास, मिठाईच्या बॉक्सवरचं पातळ फिल्म, कानात घालायच्या काड्या असं बरंच काही बंद. पिशवीची जाडी तर आधी कमीत कमी ७५ मायक्रॉन, मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. तेव्हा आम्ही लाकडी चमच्यावर आलो. आणि इथंच मला वाटतं की गाडी चुकली. कायद्यानं चमचा कशाचा असावा ते सांगितलं. चमचा लागतोय का, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. प्लास्टिकचा चमचा पैशात यायचा, लाकडी रुपया-सव्वा रुपयाला पडायला लागला, पण जातोय तेवढाच, प्रत्येक पार्सलमधून, आणि घरी गेल्यावर जातोय तिथंच, घंटागाडीत. वर लाकडी चमच्याला एक वास असतो, तर्रीत दोन मिनिटं बुडाला की तोंडात आईस्क्रीमची काडी चघळल्यासारखं होतं. घरात स्टीलचे चमचे असताना तो चमचा वापरतंय कोण?

हे डोक्यात आलं ते पहिल्यांदा चिठ्ठीमुळं. आम्ही ऑनलाईन ऑर्डरी पण घेतो. झोमॅटोनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये बदल केला होता की गिऱ्हाईकानं मुद्दाम मागितलं तरच कटलरी, नाहीतर नाही. म्हणजे आधी उलटं होतं, नको असेल तर सांगायचं, आणि सांगणार कोण. तर ऑर्डरीच्या चिठ्ठीवर स्पष्ट छापून येतंय कटलरी नको, आणि आमच्याकडं कामाला असलेलं पोरगं पॅकिंग करताना पिशवी उघडतंय, चमचा टाकतंय, दोन पुड्या टाकतंय, टिश्यू टाकतंय आणि मग वडा. खायचा पदार्थ सगळ्यात शेवटी! मी त्याला म्हणलं अरे चिठ्ठी बघ की, तर म्हणतंय, "दादा, हात आपोआप जातोय, वाचत बसलो तर रायडर शिव्या घालतोय."

दुसरं म्हणजे माझ्या बहिणीचा फ्रीज. तिच्याकडं गेलो होतो, पाणी घ्यायला फ्रीज उघडला तर दारात वरचा अंड्यांचा कप्पा असतो ना, त्यात अंडी नाहीतच, नुसत्या पुड्या. केचपच्या, ओरेगॅनोच्या, चिली फ्लेक्सच्या, सोया सॉसच्या, लोणच्याच्या. काही फुगलेल्या, काहींची तारीख गेलेली, एक फुटून खालच्या खळग्यात वाळून काळी झालेली. मी म्हणलं हे काय गं. ती म्हणाली, "टाकवत नाही आणि खाववत पण नाही, फुकट आलंय म्हणून ठेवलंय." त्यातल्या चार पुड्या आमच्याच ब्रँडच्या होत्या, म्हणजे आम्ही जी खोकी आणतो तीच.

आता ती पुडी म्हणजे काय असतंय, आत प्लास्टिक, मध्ये चकचकीत पातळ थर, बाहेर परत प्लास्टिक, सगळे थर एकमेकाला चिकटलेले. भंगारवाला ती घेत नाही कारण वेगळं करता येत नाही आणि वजन काहीच नाही. आपल्याकडं गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायला बंदी आहे, केचपच्या पुडीला तशी नाही. म्हणजे मी रोज शंभर पुड्या वाटल्या तरी पथक मला काही म्हणणार नाही. गंमत आहे की नाही.

तिसरी गोष्ट माझा भाचा. तो कॅलिफोर्नियात असतो, दिवाळीत फोन झाला तेव्हा मी हे असंच बोलता बोलता सांगितलं तर म्हणाला, "मामा, इथं तर कायदाच आहे, मागितल्याशिवाय देत नाहीत." मला पहिल्यांदा खोटं वाटलं, अमेरिकेत म्हणजे एका बर्गरबरोबर मूठभर पुड्या असं डोक्यात. मग त्यानं पाठवलेलं वाचून काढलं. त्यांनी आधी २०१९ पासून बसून खायच्या हॉटेलात प्लास्टिकची स्ट्रॉ मागितली तरच द्यायची असं केलं होतं. मग २०२१ मध्ये एबी १२७६ नावाचा कायदा केला, त्यात काटे-चमचे, स्ट्रॉ, ढवळायच्या काड्या आणि केचप, मोहरी, मेयो, सोया सॉस, मीठ, मिरी, साखर असल्या एकदाच वापरायच्या पुड्या, सगळ्याला तोच नियम. शहरांनी १ जून २०२२ पर्यंत अंमलबजावणीची सोय करायची होती. आणि चमचा लाकडी आहे का प्लास्टिकचा ह्याला तिथं महत्त्वच नाही, कशाचा पण असो, मागितलं तरच.

मला त्यात दोन गोष्टी लै आवडल्या. एक म्हणजे बंडल करायचं नाही. चमचा, काटा, टिश्यू, मीठ एका पिशवीत सील करून देतात ना तसला सेट द्यायचा नाही, कारण मग एक पाहिजे असलं तरी चार घ्यावे लागतात. दुसरं म्हणजे दंडाची पद्धत. पहिल्या दोन वेळा नुसती नोटीस, त्यानंतर दिवसाला २५ डॉलर आणि वर्षाला जास्तीत जास्त ३०० डॉलर. म्हणजे अंगावर येणारा नाही पण टोचत राहणारा. आपल्याकडं एकदम ५,०००, त्यामुळं माणूस नियम पाळायला नाही, पथक चुकवायला शिकतो. न्यूयॉर्क शहरानं पण २०२३ मध्ये तसलाच नियम आणला, ३१ जुलैपासून, आणि जवळजवळ वर्षभर नुसती ताकीद, दंड २०२४ च्या जुलैपासून. त्यांनी तर जादाच्या रिकाम्या वाट्या-डबे पण त्यात घेतले. हे वाचलं आणि मी आईला म्हणलं आपण पण करायचं. आई म्हणाली, "आपल्याला कोण दंड लावतंय?" मी म्हणलं कोणी नाही. "मग कर," म्हणाली.

पहिल्यांदा मी पाटी लावली. "चमचा, केचप, टिश्यू मागितल्यास मिळेल." पाटी कुणी वाचत नाही. म्हणजे वाचतात, पण पार्सल हातात घेऊन निघताना वाचतात आणि मग म्हणतात, "अरे हां, द्या की दोन चमचे," कारण आता वाचलंय तर सोडायचं कशाला. म्हणून मग आम्ही विचारायचं ठरवलं. पोरांना सांगितलं प्रत्येकाला विचारा. ते विचारायला लागले, "चमचा पायजे का?" आणि शंभरातले नव्वद म्हणायचे, "द्या." अहो, फुकट मिळणारी वस्तू पाहिजे का विचारल्यावर सांगलीत तरी कोण नाही म्हणणार! पहिल्यापेक्षा जास्त चमचे जायला लागले, कारण आधी एका पिशवीत एक टाकायचो, आता लोक म्हणायचे "तीन द्या, पोरं हायत."

हे असं काही दिवस चाललं आणि मग आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सोडवलं. त्या एकदा काउंटरवर उभ्या होत्या, पोरगं चहाला गेलं होतं, आणि गिऱ्हाईकाला त्यांनी विचारलं, "घरीच खानार न्हवं?" गिऱ्हाईक म्हणालं, "हां, घरीच की." विषय संपला. पिशवी दिली, गेला. चमच्याचं नावच नाही! मी आतून बघत होतो, म्हणलं अरे हेच की. तेव्हापासून आमच्याकडं एवढाच प्रश्न, घरी खाणार का ऑफिसात का गाडीत. घरी म्हणलं की काही नाही टाकायचं. ऑफिस म्हणलं की मग विचारायचं चमचा लागेल का. गाडीत म्हणलं की न विचारता चमचा आणि टिश्यू, कारण गाडीत मिसळ खाणारा माणूस आधीच संकटात असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मूळ नियम मागितलं तरच असा आहे आणि ड्राइव्ह थ्रूवाल्यांना, म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीतून पार्सल घेतात तिथं, मात्र विचारायची मुभा ठेवलीय, ते का हे मला काउंटरवर उभं राहिल्यावर कळलं. रस्त्यावर गाडीत बसलेल्या माणसाला परत येता येत नाही.

आता चटण्यांचं. इथं मात्र कायदा वाचून काही उपयोग नाही, कारण आपलं खाणंच वेगळं. मिसळ पार्सल म्हणजे उसळ, कट, फरसाण, शेव, कांदा, लिंबू, कोथिंबीर आणि पाव. ह्यातलं कांदा-लिंबू हे वरचं का मिसळीचंच? आमच्याकडं ह्यावर घरात भांडण झालं. बायको म्हणाली, लिंबू नाही दिलं तर ती मिसळच नाही. दाजी म्हणाले, अर्ध्या लोकांच्या घरी कांदा असतो, लिंबू असतं, आपण देतोय कशाला. शेवटी असं ठरलं की ज्याच्याशिवाय पदार्थ अर्धा वाटतो ते द्यायचंच, वड्याबरोबरची सुकी चटणी आणि तळलेली मिरची द्यायचीच, मिसळीचा कांदा-लिंबू द्यायचाच, पण ते प्लास्टिकच्या पुडीत नाही. आणि केचप, लोणचं, मीठ, सॉस, चहाबरोबर साखरेच्या पुड्या, हे मागितल्याशिवाय नाही. तसं बघितलं तर वड्याबरोबर केचप मागणारा माणूस मला आधीपासूनच कळत नाही, पण ते सोडा.

प्लास्टिकमध्ये नाही म्हणजे मग कशात? आमच्या आजोबांच्या काळापासून वडा पेपरात बांधायची पद्धत. पण रद्दी पेपरला पण मनाई आहे, एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षेच्या खात्यानं, अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही असं कधीचं सांगितलंय, शाईतलं शिसं वगैरे अन्नात उतरतं, तेलकट गरम वडा असला की जास्तच. म्हणजे पातळ प्लास्टिक नको, पेपर नको, राहिलं काय? बटर पेपरचे छोटे तुकडे कापून आणले, त्यात सुकी चटणी घालून आई चार कडा आत मुडपून अशी पुडी बांधते की उलटी धरली तरी सांडत नाही. किराणा दुकानात पूर्वी जिऱ्या-मोहरीची बांधायचे तशी. पोरांना ती जमेना, त्यांची पुडी वड्यापर्यंत पोचायच्या आत सुटायची आणि गिऱ्हाईकाला चटणी पिशवीच्या तळाला मिळायची. आईनं दुपारच्या वेळात बसून शिकवलं. आता एक पोरगं तर आईपेक्षा भारी बांधतंय, फक्त त्याच्या पुडीत चटणी जरा कमी असते, तेवढं लक्ष ठेवावं लागतं. कांदा आणि लिंबाची फोड पानाच्या छोट्या द्रोणात, वरून फरसाणाच्या पुड्याचा दाब बसतो त्यामुळं हलत नाही.

कटाचं मात्र अवघड आहे. कट कागदात बांधता येत नाही. उसाच्या चिपाडाच्या वाट्या येतात, दिसायला चांगल्या, आणि आपल्या जिल्ह्यात उसाला काय तोटा आहे का. पण साखर कारखान्यात चिपाड बहुतेक बॉयलरलाच जातं आणि ह्या वाट्या आपल्यापर्यंत येतात त्या महाग होऊन. आणि वरचं झाकण घट्ट बसत नाही, तर्री आहे ना, ती कुठून पण वाट काढते. तेव्हा आम्ही सांगायला लागलो की डबा घेऊन या, कटाला पाच रुपये कमी घेतो. वयस्कर लोक एकदम खूष. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा आहेत, ते स्टीलची किटली घेऊनच येतात, ती काउंटरवर ठेवून म्हणतात, "भर, आणि पाच रुपये कमी कर," आधी पाच रुपयाचं बोलतात मग मिसळीचं. कॉलेजची पोरं मात्र डबा आणत नाहीत, विलिंग्डन आणि वालचंदची बरीच पोरं इकडं रूमवर राहतात, त्यांच्याकडं डबाच नसतो, असला तर घासलेला नसतो.

बँकेतल्या आणि शेजारच्या ऑफिसातल्या रोजच्या लोकांना आम्ही आमचेच स्टीलचे डबे द्यायला लागलो, डिपॉझिट घेऊन. मला वाटलं होतं डबे परत येणार नाहीत. आले, पण त्यात वेगळीच भानगड. आपल्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही अशी पद्धत, आणि बायकांनी ती आमच्या धंद्याच्या डब्याला पण लावली. तासगावकडची एक ताई आहेत बँकेत, त्यांनी डब्यात द्राक्षं घालून पाठवली. कोणी शेंगा, कोणी चिवडा. हिशेब कसा ठेवायचा सांगा, डिपॉझिट परत द्यायचं आणि वर द्राक्षाचं काय? आईनं त्या ताईंना पुढच्या वेळी दोन वडे जास्त टाकले. धंदा असा होत नाही खरं तर.

आता अपवादाचं सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे. इकडून बरेच लोक दवाखान्यात पार्सल घेऊन जातात, सिव्हिलला किंवा मिरजेला. मिरजेला तर कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात, बरोबरच्या नातेवाइकांकडं एक पिशवी आणि एक पाण्याची बाटली, चमचा कुठला. एकदा एक माणूस खिचडी आणि दही घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं परत आला, रिक्षाला पैसे घालून, फक्त चमच्यासाठी, कारण आईला भरवायचं होतं. शिव्या दिल्या नाहीत, नुसतं म्हणाला, "चमचा द्या हो एक." तेव्हापासून खिचडी, भात, दही, पेज असलं काही असलं की आम्ही विचारतो दवाखान्यात न्यायचंय का, आणि हो म्हणलं की चमचा, टिश्यू, जादाची वाटी, सगळं. मग परत तो कॅलिफोर्नियाचा कायदा काढून बघितला तर त्यात दवाखाने आणि शाळांची कँटीन आधीच वगळलेली आहेत. स्ट्रॉच्या वेळी पण तिकडं अपंग लोकांनी हेच सांगितलं होतं की काहींना वाकणाऱ्या स्ट्रॉशिवाय पाणीच पिता येत नाही. मागितलं की मिळालंच पाहिजे, हा त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो लोक विसरतात.

आणि पूर. सांगलीच्या माणसाला हे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्या दिवसात आम्ही पण जेवढं जमेल तेवढं करून पाठवत होतो, पुरीभाजी, भात, आणि ते कशात पाठवलं तर मिळेल त्यात. तेव्हा मायक्रॉन बघत बसायचं नसतं. पण पाणी उतरल्यावर गावभागात गल्ल्या साफ करायला गेलो होतो तेव्हा गटारीच्या जाळ्यांना काय अडकलेलं होतं ते पण बघितलंय, पिशव्या, ग्लास, बाटल्या, प्लेटा आणि असल्या चकचकीत पुड्या, चिखलात सगळ्याचा रंग एकच झालेला पण पुडीची चमक तेवढी दिसत होती. ते सगळं काही मदतीचं नव्हतं, बरंचसं आधीपासूनच गटारीत होतं.

डीलरचा किस्सा सांगायचा राहिला. पॅकिंगचा माल जिथून घेतो तिथं मी विचारलं की हे कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारे, कंटेनर आहेत म्हणता तर सर्टिफिकेट दाखवा, मालावर नंबर कुठंय. तर म्हणाला, "हिरवं पान छापलंय की वर." हिरवं पान! पान काय कोणी पण छापतंय. कागदी वाटी म्हणून दिली ती मी घरी पाण्यात भिजत टाकली, सकाळी कागदाचा लगदा झालेला आणि आतून प्लास्टिकचं पातळ कातडं अख्खं निघालं, वाटीच्या आकाराचं. कापडी म्हणून विकतात त्या नॉनवूवन पिशव्यांचं पण तेच, ते कापड नाही, प्लास्टिकच आहे, हाताला मऊ लागतंय एवढंच, आणि त्याला पण केंद्राच्या नियमात कमीत कमी ६० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची, अट आहे, आपल्याला देतात ती फुंकरीनं उडते. मी डीलरला ते कातडं नेऊन दाखवलं तर म्हणाला, "सगळे हेच घेत्यात, तुमालाच कसलं पडलंय." म्हणूनच मला वाटतं वस्तू बदलत बसण्यापेक्षा वस्तू न देणं स्वस्त पडतं. न दिलेल्या चमच्याला सर्टिफिकेट लागत नाही.

ऑनलाईनवाल्यांनी मात्र त्रास दिला. चिठ्ठीवर कटलरी नको असं असतंय म्हणून आम्ही नाही टाकली तर रेटिंगमध्ये एक स्टार, "चमचा नाही, केचप नाही, कंजूस लोक." स्वतःच बटण दाबलं नाही हे त्याच्या लक्षात नाही, किंवा बटण आहे हेच माहीत नाही. मी उत्तर लिहिलं, अगदी नम्रपणे, की आपण पर्याय निवडला नव्हता, पुढच्या वेळी निवडा, जरूर देऊ. त्यानं स्टार काही वाढवला नाही. काही दिवस पोरं घाबरून परत सगळं टाकायला लागली. मग आम्ही पिशवीवर शिक्का मारायला सुरुवात केली, "चमचा-केचप आपण मागितले नव्हते म्हणून दिले नाही," तेव्हा जरा तक्रारी कमी झाल्या. आता माणूस पिशवी उघडायच्या आधी वाचतो आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन चमचा घेतो, एवढंच तर म्हणणं होतं.

गिऱ्हाईक तुटलं का, तर एखाद-दुसरं तुटलं असेल. एक जण तर तोंडावर म्हणून गेला, "दोन रुपयाचा सॉस देत नाही, वडा काय देणार." पण पुड्यांचं खोकं पूर्वी महिन्याला आणावं लागायचं ते आता कधी आणलं ते आठवावं लागतंय, लाकडी चमच्याचं पण तसंच. त्या पैशात वड्याचा भाव वाढवायचा होता तो काही महिने लांबवता आला, तेलाचे भाव चढले नसते तर अजून लांबला असता.

केचपचं अजून पक्कं ठरलेलं नाही. बसून खाणाऱ्यांना पुडी देणं बंद केलं आणि टेबलावर बाटली ठेवली तर पोरं अर्धी बाटली एका वड्यावर ओततात, आणि दुपारी झाकणाला माशा. दाजींचं म्हणणं, काउंटरवर पंपाचा डबा बसवायचा, एका दाबाला ठरावीक सॉस, पार्सलवाल्यानं स्वतःची वाटी आणली तर त्यात दाबून द्यायचं. पंप डीलरकडं सांगून ठेवलाय. हिरवं पान छापलेला नको म्हणून आधीच सांगितलंय.